घरचा मिस्त्री (भाग ९) : हवेच्या टबाची गळती

पांढुर्णा-सौसर पट्ट्यात मे महिन्यात ‘गळती’ हा शब्द काढला की माणूस आधी संत्र्याच्या झाडाकडे पाहतो. आंबिया बहाराची लिंबाएवढी फळं या दिवसांत उन्हाने गळतात आणि सकाळी बागेत गेलं की झाडाखाली हिरवा सडा पडलेला असतो. म्हणून नवतपा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सौसरहून भाचेसुनेचा फोन आला आणि ती ‘गळती लागली’ म्हणाली, तेव्हा मलाही बागच आठवली. पण तिचं गाऱ्हाणं वेगळं होतं.

“मामाजी, पोट्ट्यांच्या टबात पाणी राह्यतच नाही. काल सांजेले भरला, आज पाहा तर बोटभर खाली. दोन डाव पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून आणलं, तरी तेच.”

हवेचा टब आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. पाच फूट रुंद, एकावर एक तीन फुगलेली कडी आणि खाली प्लास्टिकचा तळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणोअंगणी तो दिसतो. पारा ४२ च्या वर गेला की लेकरांना दुपारी घरात थोपवून धरण्याचा याहून सोपा उपाय नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत यातले निम्मे टब उकिरड्यावर जातात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातले बहुतेक एका सुईएवढ्या भोकापायी जातात आणि ते भोक बुजवायला अर्धा तास लागतो. शोधायला मात्र दोन दिवस लागतात. आजचा भाग मुख्यतः त्या दोन दिवसांबद्दल आहे.

मी सौसरला गेलो तेव्हा टब अंगणात कडुनिंबाखाली मांडलेला होता. दोन्ही नातवंडं त्यात बसलेली, आणि भाचा साबणाचं पाणी, फडकं, सोल्यूशनची ट्यूब असं सगळं घेऊन तयार. मी त्याला म्हणालो, आज यातलं काहीच लागणार नाही. आज एक बादली आण आणि एक बॉलपेन आण.

गळती शोधायला निघण्याआधी गळती आहे का, हे ठरवावं लागतं. हे वाक्य वाचायला पोरकट वाटेल. पण टब घेऊन माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी तीन-चार जणांच्या टबाला भोकच नसतं. त्यांचं पाणी वर जात असतं, खाली नव्हे. आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास उतरते, आणि लू सुटली तर त्याहून जास्त. पाच फुटी टबाच्या एका सेंटीमीटरच्या थरात जवळजवळ १८ लिटर पाणी असतं. सकाळी टब पाहणाऱ्याला तर एवढंच दिसतं की रात्रीतून एक मोठी बादली पाणी नाहीसं झालं. तो भोक शोधायला लागतो, सापडत नाही, मग संशयाने तीन-चार ठिकाणी ठिगळं लावतो आणि धड टब खराब करतो.

बादलीची परीक्षा अशी. बादलीत टबातलंच पाणी भरायचं, ती वाऱ्याने हलू नये म्हणून तळाशी एक गोटा टाकायचा आणि ती टबाच्या मधोमध उभी करायची. बादलीतलं पाणी आणि बाहेर टबातलं पाणी एका उंचीला आणायचं. मग बादलीच्या आतल्या अंगाला पाण्याच्या रेषेवर एक खूण करायची आणि टबाच्या भिंतीवर दुसरी. एक दिवस, एक रात्र कोणी टबात उतरायचं नाही. ऊन दोघांवर सारखं, वारा दोघांवर सारखा. त्यामुळे वाफ होऊन जाणारं पाणी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरतं. टबातलं जास्त उतरलं तर तेवढंच जास्तीचं गळतीचं.

लेकरं हिरमुसली. त्यांना दिवसभर टबाशेजारी पाइपच्या पाण्यात खेळू दिलं आणि रात्री मी तिथेच मुक्काम केला. सकाळी पट्टी घेऊन पाहिलं. बादलीतली रेघ पाऊण सेंटीमीटर उघडी पडली होती आणि टबातली अडीच. म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर पाणी गळतीचं, दिवसाला साधारण ३० लिटर. दोन गुंड पाणी. भाचेसुनेची तक्रार खरी होती.

भोक किती मोठं असेल, याचाही अंदाज इथेच येतो. एक फूट पाण्याखाली एक मिलिमीटरचं भोक असेल आणि पाणी बाहेर मोकळं पडत असेल, तर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे होतात जेमतेम चार-साडेचार लिटर, म्हणजे उन्हाने नेलेल्या पाण्याच्या चौथाईएवढे. आमच्या ३० लिटरचा अर्थ असा की मिलिमीटरहून बारीक भोक आहे, किंवा जरा मोठं असून जमिनीला चिकटून अर्धं बुजलेलं आहे. उभ्याने पाहून असं भोक दिसत नाही. त्यामुळे डोळे ताणून टबाभोवती फिरण्यात काही अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट हवेची. टबाच्या गळत्या दोन जातींच्या असतात, पाण्याची आणि हवेची. लोक दोन्ही एकच समजतात आणि त्यातच सगळा घोळ होतो. कड्यातून हवा गेली की भिंत एका बाजूने झुकते, तिकडून पाणी सांडतं आणि पाहणाऱ्याला वाटतं तळ गळतो आहे. उलट, कडं सकाळी मऊ लागलं म्हणजे त्याला भोक आहे असंही नाही. दुपारी उन्हात कड्यातली हवा ५० अंशांपर्यंत तापते, पहाटे ती २८ अंशांवर उतरते. एवढ्या फरकाने हवा सात टक्के आकसते. त्यात नवं प्लास्टिक पहिले दोन दिवस ताणलं जातं. म्हणून पहाटेचं कडं मऊ लागणारच. मऊ कडं दुपारी आपोआप घट्ट झालं तर ते धड आहे. दुपारीही ते मऊच राहिलं तर मात्र भोक शोधा.

याचा उलटा परिणाम जास्त नुकसान करतो. पहाटेच्या गारव्यात पंपाने कडं टणक होईपर्यंत भरलं, टब रिकामाच उन्हात ठेवला, की दुपारी तीच हवा सात टक्के जास्त जागा मागते. टबाची कडी प्लास्टिकचे दोन पत्रे कडेने वितळवून जोडलेली असतात. हा सांधा त्या ताणाने बारीक उकलतो. दुपारी दोन वाजता अंगणात ‘फुस्स’ आवाज झाला, असं सांगत जे येतात त्यांची बहुधा हीच गोष्ट असते. हवा सकाळी भरायची तर अंगठ्याने दाबल्यावर कडं थोडं आत जाईल एवढीच भरावी, आणि लगोलग पाणी सोडावं. पाणी कड्याला थंड ठेवतं.

आता शोध. पाण्याची गळती कुठे आहे, हे टब स्वतःच सांगतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. पाणी उतरू द्या. ते उतरत उतरत एका ठिकाणी थांबलं आणि त्यापुढे बादलीइतकंच उतरू लागलं, तर भोक त्या उंचीला आहे. तीन कड्यांच्या टबात ही उंची बहुतेक वेळा दोन कड्यांमधल्या सांध्याची निघते. कारण पाणी अडवतं ते कडं फाटलं तर आधी हवा जाते, बुडबुडे येतात, मग कड्याच्या पोटात पाणी शिरतं. कडं हलवल्यावर आत पाणी खळखळलं तर भोक त्या कड्याला आणि आतल्या अंगाला आहे, हे पक्कं. पाणी कुठेच न थांबता तळापर्यंत गेलं तर तळ पाहायचा.

आम्ही पाणी बादलीबादलीने काढून संत्र्याच्या झाडांना घातलं. तळाशी चार बोटं पाणी राहिलं तेव्हा थांबलो, खुणा केल्या आणि जेवायला बसलो. तासाभराने पाहिलं तर तिथेही रेघ खाली सरकली होती. म्हणजे तळ, किंवा तळ आणि खालच्या कड्याचा सांधा.

मग टब पूर्ण रिकामा करून, दोन्ही अंगांनी पुसून, सावलीत वाळवून छपरीत आणला. छपरीची फरशी कोरडी करून तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांची पानं एकाला एक लावून पसरली, वर टब ठेवला आणि आत फक्त दोन बादल्या पाणी ओतलं. अर्धा तास कोणी हात लावला नाही. नंतर मी आणि भाचा दोघांनी एका बाजूने तळ हलकेच उचलला. कागदावर आठ आण्याच्या नाण्याएवढा ओला डाग होता, आणि डागाच्या मधोमध एक टोक टोचलेलं दिसत होतं. तळाला बोट लावलं तर बोटाला टोचलं. काट्याचं तुटलेलं अग्र अजून प्लास्टिकमध्येच रुतलेलं होतं.

तो जंभेरीचा काटा होता. आपल्याकडचा संत्रा जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढवलेला असतो. खुंटाला फुटवे येतात, त्यांना मोठे काटे असतात आणि शेतकरी ते फुटवे काढून टाकत राहतो. भाच्याने काढलेले फुटवे अंगणाच्या कडेला ढिगाने पडले होते, टबापासून चार हातांवर. चपलेबरोबर एखादा काटा सरकत सरकत टबाखाली गेला असणार. बागाईतदाराच्या घरी टबाचा पहिला शत्रू जंभेरी आणि दुसरा सराटा. तिसरी बारीक गिट्टी. टब मांडायच्या आधी जागा झाडून, हाताने चाचपून, वर गोणपाटाचे दोन थर आणि त्यावर जुनी सतरंजी टाकावी. हे एवढं केलं असतं तर मला सौसरला जावंच लागलं नसतं.

एक भोक सापडलं म्हणून शोध थांबवू नये. भाचेसून म्हणाली होती की पंक्चरवाल्याने दोनदा ठिगळ लावलं. ती ठिगळं खालच्या कड्याला होती, म्हणून तेही तपासायचं ठरलं. इथे साबण लागतो. वाटीभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून हलक्या हाताने ढवळायचं. फेस होऊ द्यायचा नाही, कारण वरचा फेस खरा बुडबुडा लपवतो. हे पाणी फडक्याने किंवा रंगाच्या मऊ ब्रशने कड्यावर फासायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत एका जागी पाहत राहायचं. घाई करणाऱ्याला भोक दिसत नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण घटतो. साध्या पाण्यात बारीक हवा निसटून जाते, साबणाच्या पाण्यात तिला ताणणारा पापुद्रा मिळतो आणि ती त्यात अडकते.

सुरुवात तोटीपासून करावी. निम्म्या हवेच्या गळत्या तोटीच्याच असतात. टोपण नीट बसलेलं नसतं, किंवा आतल्या पडद्यावर मातीचा कण अडकलेला असतो. तो ओल्या कापडाने पुसला की काम झालं. तोटीनंतर सांधे, सांध्यांनंतर ठिगळं आणि सर्वांत शेवटी मोकळा पृष्ठभाग. पाहणाऱ्याने उजेडाच्या समोर बसावं, म्हणजे कड्यावर तिरपा प्रकाश पडतो आणि बुडबुडा चमकतो.

आमच्या टबाची तोटी चांगली निघाली. सांधे चांगले. पहिल्या ठिगळाच्या कडेला मात्र भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे उगवायला लागले, एकाला लागून एक. मी नखाने ठिगळाची कड उचलली आणि ते सालपटासारखं अलगद निघून हातात आलं. खाली चिकट, काळसर, मेणासारखा थर.

हे सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं आणि सायकलच्याच सोल्यूशनने लावलेलं होतं. याबाबतीत पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ ज्यांच्याकडे मी तीस वर्षं सायकल नेली, त्या पंक्चरच्या मिस्त्रींचं बोलणं मला आठवतं. कोणीतरी असाच टब आणला होता. मिस्त्रींनी तो हातात घेतला, चिमटीत दाबला, परत दिला आणि म्हणाले, “गुरुजी, हे रबर नाही. याले आपलं सोल्यूशन आज धरते, उद्या सोडते. मी पैसे घेऊन काय करू?” दुरुस्तीच्या धंद्यात इतकं स्वच्छ बोलणारा माणूस भेटणं हे भाग्य आहे.

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. सायकलची ट्यूब रबराची. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि पंक्चर काढायची सगळी विद्या त्या रबरावर उभी आहे. कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, सुकू द्यायचं, ठिगळ दाबायचं. टब मात्र पीव्हीसीचा असतो. हा पदार्थ मुळात पाइपसारखा कडक. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञांनी त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळून त्याला मऊ करण्याची युक्ती काढली. रेनकोट, टेबलावरचा मेणकापडासारखा पत्रा, लेकरांचा टब, सगळं त्यातूनच आलं. हा मऊपणा आणणारा अंश हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. रबराचं सोल्यूशन त्याने पुन्हा ओलसर होतं आणि ठिगळ घसरतं. माणसाला वाटतं आपण नीट दाबलं नाही, म्हणून तो पुन्हा तेच करतो.

टबासाठी मऊ पीव्हीसीचं सोल्यूशन आणि पीव्हीसीचाच तुकडा लागतो. टबाच्या खोक्यात एक लहान तुकडा बहुधा असतोच. तो हरवू नका. नसेल तर फाटलेल्या जुन्या टबाचा किंवा चेंडूचा तुकडा चालतो, पण आधी त्याची परीक्षा घ्या. नखाएवढा तुकडा पेलाभर पाण्यात बुडवून, त्याला चिकटलेले बुडबुडे झटकून सोडून द्या. तळाशी बसला तर पीव्हीसी. तरंगला तर तो पॉलिथीनच्या जातीचा, आणि त्याला कोणतंच सोल्यूशन नीट धरत नाही.

काही गोष्टी स्पष्टच सांगतो, कारण त्यांच्यामुळे दुरुस्त होण्याजोगे टब मी वाया गेलेले पाहिले आहेत. फेवीक्विक लावू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि टब वाकला की तडकतं, जाताना आजूबाजूचं प्लास्टिकही चिरून जातं. नळाचे पाइप जोडायचं सोल्यूशन जाड, कडक पाइपसाठी असतं. टबाच्या पातळ पत्र्याला त्याने सुरकुत्या पडतात आणि तो आकसतो. एम-सील वाकत नाही. आणि तापवलेल्या सुरीने किंवा मेणबत्तीने भोक डागू नका. पॉलिथीनच्या पिशवीला जमतं ते इथे जमत नाही. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. लेकरं जवळ असतात, हे विसरू नये.

दुरुस्तीला बसलो. आधी चिमट्याने काटा काढला आणि भोकाभोवती बॉलपेनने गोल केला, कारण काटा निघाल्यावर भोक पुन्हा दिसत नाही. कड्यावरचा जुना चिकट थर स्पिरिटच्या बोळ्याने घासून काढला. याला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि तो लागलाच पाहिजे. टबात बसणाऱ्या लेकरांच्या अंगाचं खोबरेल तेल प्लास्टिकवर बसलेलं असतं, आणि तेलावर काहीच चिकटत नाही. बोळा पांढरा निघेपर्यंत पुसायचं. तुकडा गोल कापायचा, भोकापासून सगळीकडे दोन सेंटीमीटर मोठा. चौकोनी तुकड्याचा कोपरा आधी उचलतो, गोलाला कोपराच नसतो. दोन्ही पृष्ठांवर सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा, ट्यूबवर सांगितलेला वेळ थांबायचं, मग मधून सुरुवात करून कडेकडे दाबत जायचं. भाचेसुनेने चमच्याच्या पाठीने दाबलं, आणि तिचा हात माझ्यापेक्षा सराईत निघाला. वर कागद आणि कागदावर वरवंटा. चोवीस तास हवा नाही, पाणी नाही.

यात एक बारकावा आहे. तळाचं ठिगळ टबाच्या आतून लावावं. पाण्याचं वजन त्याला दिवसरात्र खाली दाबून ठेवतं, म्हणजे पाणीच मदत करतं. कड्याचं ठिगळ मात्र बाहेरूनच लावता येतं, आणि आतली हवा त्याला सतत बाहेर ढकलत असते. म्हणून कड्याचा तुकडा जरा मोठा घ्यावा, कडं पूर्ण रिकामं करून सपाट करावं आणि वरवंटा पूर्ण एक दिवस ठेवावाच. तळाचं ठिगळ घाईतही टिकून जाईल. कड्याचं टिकत नाही.

सांधा उकलला असेल तर काम अवघड आहे. सांध्यावर वळी असते, ठिगळ सपाट बसत नाही. लहान उकल असेल तर सोल्यूशनचा थर दोन-तीन वेळा देऊन पाहावा. वीतभर उकललेला टब मी घेत नाही. त्याचा तळ कापून ठेवतो, पुढच्या ठिगळांना उपयोगी पडतो.

वरवंटा ठेवून चहा घेत होतो तेव्हा भाच्याने विचारलं, “मामा, आपल्या शेततळ्याचंही असंच करता येईल का? तेही उतरते.” मला हा प्रश्न टबापेक्षा मोलाचा वाटला. मृग बहाराच्या बागा मे महिन्यात ताणावर असतात, पण आंबिया धरलेल्याला याच महिन्यात पाण्याची निकड असते, आणि तळ्यातलं पाणी गळलं तर फळंही गळतात. शोधण्याची रीत तीच. तळ्यातल्या उथळ पाण्यात पट्टी रोवायची, शेजारी त्याच पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं आणि दोन्हीकडचं पाणी किती उतरलं ते पाहायचं. पातळी एका उंचीला थांबली तर भोक त्या रेषेवर, आणि मग सगळं तळं उपसायची गरज नाही. ती रेषा चालत पाहून घ्यायची. बहुतेक वेळा भोक काठावरच्या घडीत, पंपाच्या पाइपखाली किंवा जनावर उतरलं त्या जागी निघतं.

दुरुस्ती मात्र वेगळी. शेततळ्याचं अस्तर बहुतेक एचडीपीईचं असतं, साधारण ५०० मायक्रॉन जाडीचं, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पेल्यातल्या पाण्यात याचा तुकडा तरंगतो. टबाचं सोल्यूशन त्यावर आठवडाभरही राहणार नाही, आणि चिकटपट्टी पहिल्या उन्हात सुटते. तिथे गरम हवेच्या यंत्राने तुकडा वितळवून जोडावा लागतो. ज्यांनी अस्तर बसवलं त्यांच्याकडे ते यंत्र असतं. त्यांना बोलवायच्या आधी भोकाला खूण करून जागा पुसून ठेवली, तर त्यांचं काम तासाभरात होतं.

भाचेसुनेने टब गच्चीवर न्यावा का, असंही विचारलं, म्हणजे काट्यांचा प्रश्नच नको. मी तिला नको म्हणालो. एक फूट पाण्याचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलो होतं. घराच्या गच्चीचा आराखडा करताना माणसांच्या वावरासाठी साधारण १५० किलो धरतात. आधी इंजिनिअरला विचारल्याशिवाय भरलेला टब गच्चीवर ठेवू नये. अंगणच बरं.

आणि अंगणातही, लेकरं टबात असताना घरचं मोठं माणूस तिथे बसलेलंच हवं. हे मी दरवर्षी लिहितो आणि लिहीत राहीन. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि बुडताना आवाज करत नाही. फोन आला म्हणून आत जायचं तर मुलाला कडेवर घेऊन जावं. सांजेला टब रिकामा करून पालथा घालावा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी पाणी पूर्ण बदलावं, कारण डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. काढलेलं पाणी झाडाला जातं, वाया जात नाही.

पावसाळा लागला की टब धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरून ठेवावा. घडी घालू नये, गुंडाळावा. दरवर्षी त्याच रेषेवर घडी पडली की प्लास्टिक तिथेच चिरतं. गुंडाळी सुतळीने बांधून आढ्याला टांगावी. कणगीशेजारी ठेवलेला टब पुढच्या उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडलेला निघतो, आणि त्या जाळीला ठिगळ नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने पांढुर्ण्याला परतलो. निघताना भाचेसुनेला सांगून आलो की चोवीस तासांनी हवा भर, पाणी भर आणि बादली पुन्हा उभी कर. तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत तिचा फोन आला. तिने पट्टी लावून पाहिलं होतं. बादलीत पाऊण सेंटीमीटर, टबात पाऊण सेंटीमीटर. मागून लेकरांचा आवाज येत होता, ती दोघं आधीच पाण्यात होती.